भातावरचं तूप

बेस्तरवार, पौष महिना, १९५४

आज लई भ्या वाटतंय. माझ्या लेकीला, तानीला कावीळ झालीय म्हनून भोरला वैद्यांकडं नेली. त्यांनी औषध पाजलं अन् बजावलं, "दूध, तूप, तेल तोंडाला लावू नका. न्हाईतर पोरगी हातची जाईल."

एस्टीला येळ होता म्हनून शाकाहारी खानावळीत बसलो. हितं मटन न्हाई, म्हंजी काळजी न्हाई, असं वाटलं. वरण म्हंजी निस्तं पिवळं पानी, भाजी अळणी. म्या सांगितलं, "दादा, पोरीला कोरडाच भात वाढा." तरी त्या वाढप्यानं सवयीनं भातावर तूप सोडलंच! म्या वरडले तर म्हनतो कसा, "अहो बाई, तुपाचा थेंब पडल्याशिवाय आमच्यात पान वाढत नाहीत. अन्नशुद्धी नको का? फुकटचं तूप आणि वर आरडाओरडा!"

तवर तानीनं घास गिळला होता.

एकच घास. एवढ्यानं काय हुतंय? पर वैद्य तर...

घरी सासूबाईंनी इचारलं, "पथ्य पाळलंस न्हवं?" म्या व्हय म्हनले.

तानी आत्ताच निजली. तो एक घासच डोळ्यापुढनं हालंना. तिच्या डोळ्यातला पिवळेपना वाढला का, ते पापनी उघडून बघावं वाटतंय. पर हात फुडं होईना.