तिसरा ठोका

प्रिय मामा,

सोमवारी मामीचा फोन आला. तू डफ संगीतशाळेला देऊन टाकायचं ठरवलंयस म्हणाली. शनिवारी कुणीतरी न्यायला येणार आहे. दुकानात मनगटी घड्याळं दुरुस्तीला घेणंही बंद केलंस, फक्त भिंतीवरची घेतोस. विचारलं की "हात गेला" एवढंच सांगतोस आणि डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतोस. "तूच फोन कर बाई, तुझं ऐकतो तो," मामी म्हणाली. मी फोन केला नाही. लिहायला बसले. दोन कागद फाडून झाले, हा तिसरा.

इथे बरं चाललंय. खोली बदलली. खाली छापखाना आहे, त्याची धडधड जमिनीतून वर येते. घरमालकीणबाईंनी त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवली होती. पहिल्याच दिवशी मी पालथी पडून जमिनीला माइक चिकटवत होते, तेव्हा त्या चावी द्यायला आल्या. बघितलं आणि दार हळूच ओढून घेतलं. त्यानंतर जिन्यात भेटल्या की फार प्रेमाने विचारपूस करतात.

आवाज गोळा करून एकत्र गुंफायच्या माझ्या या कामाला तू हसलास, पण आडवा कधी आला नाहीस. आई म्हणायची, पोरीला डफ शिकव. तू म्हणालास, ही टकळी वाजवणार नाही, ही ऐकणार. शाळा सुटली की मी दुकानातल्या स्टुलावर येऊन बसायचे. गिऱ्हाईक नसलं की तू डफ काढायचास. दोन ठोके सरळ पडायचे, तिसरा पडायच्या आधी जरा थांबायचा. मी एकदा विचारलं, हा उशिरा का येतो? तू भिंगातून डोळा वर काढलास. "घड्याळजी आहे मी. माझा ठोका उशिरा येईल? तुझेच कान पुढे धावतायत."

गेल्या वर्षी मी सगळं रेकॉर्ड करायला आले. भिंतीवरची घड्याळं, शटर, मामीचं शिवणयंत्र, सगळ्यात शेवटी तू. तू आत ओरडून म्हणालास, "ऐकलंस का गं, ही या वयात माझी सोयरीक शिवणयंत्राशी जुळवतेय." आतून मामी म्हणाली, निदान ते वेळेवर तेल तरी मागतं. मग तू शेगडीवर डफ शेकलास, चामड्यावर बोट मारून कानाशी नेलास, पुन्हा शेकलास, आणि चाळीस मिनिटं वाजवत राहिलास.

ते सगळं जुळवून लोकांना ऐकवलं, त्या कार्यक्रमाला तू कोट घालून आलास. आधी घड्याळं, मग यंत्र, मग डफ. संपल्यावर लोक उभे राहिले, तू बसून होतास. बाहेर आल्यावर म्हणालास, "चांगलं वाजवतो गं हा माणूस." मला वाटलं थट्टा करतोयस. मी हसले आणि जाताना तुझ्या हातात त्या रेकॉर्डिंगची प्रत ठेवली. मामी सांगते, रोज संध्याकाळी तू ती लावून बरोबर वाजवायला बसायचास. जुळायचं नाही की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एक दिवस डफ पिशवीत घातलास. तिला म्हणालास, वर्षापूर्वी बघ कसा वाजवत होतो, आता तिसरा वेळेवर पडतच नाही.

मामा, तो वर्षापूर्वीही वेळेवर पडत नव्हता. रेकॉर्डिंगमध्ये तो वेळेवर मी पाडला. तुझा डफ घड्याळांच्या टिकटिकीवर ठेवून ऐकला आणि तिसरा ठोका चूक वाटायला लागला. लोक म्हणतील म्हातारा चुकतोय, अशी भीती वाटली. भीती नाही, लाज. एक अख्खी दुपार मी तुझा एकेक ठोका संगणकाच्या पडद्यावर धरून टिकटिकीवर नेऊन बसवला. तुला विचारलं नाही, नंतर सांगितलं नाही. ज्याच्याशी तू जुळवत बसलास, तसा माणूस कुठे नाहीच. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. तो जन्मभर असाच थांबत आला आहे, आणि ते थांबणं ऐकायलाच मी रोज दुकानात यायचे. सोबत त्या दिवसाचं मूळ रेकॉर्डिंग पाठवते आहे, तुझ्या खोकल्यासकट. शनिवारच्या आत ऐक. मग माझ्यावर हवं तेवढं चीड, पण डफ देऊ नकोस. फोनवर सांगितलं असतं तर तू "जाऊ दे गं" म्हणाला असतास, आणि मी जाऊ दिलं असतं. म्हणून लिहिलं.

तुझीच,
टकळी