केसाएवढी भेग

गृहराज्याच्या सार्वभौम स्वामिनीस सविनय वंदन.

प्रकृती उत्तम. धाकटीचा खोकला शमला का?

काल फोनवर "गच्चीला कुलूप लाव" म्हणालो, तेव्हा तू "काय झालंय तुम्हाला?" असे विचारलेस. कारण निवेदितो. सौर पॅनेलच्या पाठीचे संरक्षक आवरण आम्ही चाचणीसाठी उष्ण, दमट पेटीत हजार तास छळतो. यंदा सातशेव्या तासालाच त्यावर केसाएवढी भेग दिसली. गतवर्षी तशीच भेग मी औदार्याने उत्तीर्ण केली होती, आणि तोच माल आपल्या गच्चीवर आहे. भेगेत पाणी शिरले, तर हात लावणाऱ्याला झटका बसेल.

साहेब म्हणाले, "अहो, केस कसले मोजताय? पास लिहा." मी 'अनुत्तीर्ण' लिहिले. उद्या दहाला पाचारण आहे.

आईला एवढेच सांग, की तिच्या चिरंजीवाने प्रथमच दुसऱ्या कुणाला नापास केले.

उद्या दहापर्यंत निश्चितपणे नोकरीत असलेला,
तुझा पतिदेव