परतीचं वजन

७ जुलै
चिकलठाण्याच्या विमानतळावर हजर झाले एकदाची! काम म्हणजे विमानात बसून ढगांचं पोट तपासायचं. पंखाखालचं रडार ढगातला वारा मोजतं. आपल्याकडे येणारं पडद्यावर हिरवं, दूर जाणारं लाल. मोहिमेचे प्रमुख इंद्रजीत सरांनी पहिल्याच दिवशी ‘पोरी’ म्हणून हाक मारली, मटणाचा नान-खलिया खाऊ घातला आणि वर वजनकाट्यावर उभं केलं! प्रत्येक उड्डाणाआधी विमानाचं निघतानाचं आणि परतीचं वजन ते स्वतः तक्त्यात लिहितात. मी चौपन्न किलो, खलियासकट.

११ जुलै
पैठणवर पहिलं उड्डाण. ओकारीची पिशवी कोरीच परत आणली, अब्रू राखली. माझ्या आधी या खुर्चीवर पिशोरची तनुजा होती. लग्न ठरलं नि नोकरी सोडून गेली, असं सर सांगत होते.

१८ जुलै
कन्नडच्या घाटावर, ढगात, एक हिरवा ठिपका. वारा उलटा, तरी तो आमच्याकडेच येत होता. सर म्हणाले, पक्षी असेल. भर ढगात, बारा हजार फुटांवर? पण सरांची वीस वर्षं यात गेली. मी वहीत ‘पक्षी’ असं लिहिलं.

२ ऑगस्ट, सकाळ
फाटकावर तनुजाची आई भेटली, भामाबाई. म्हणाली, पोरगी विमानातून उतरलीच नाय म्हणत्यात, लई दिस झाले बाई, एवढी भाकर तिला दे. मी सरांना विचारलं, मग लग्न कुणाचं झालं? सर म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलंय. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. माझा विश्वास बसला. भाकरीचा डबा पिशवीत टाकला. आज काटा पंचावन्न.

२ ऑगस्ट, विमानात
तक्त्यांची फाइल हाती लागली. आज इंधन जळणार नऊशे किलो. परतीला तेवढंच कमी हवं. सरांनी नऊशे पंचावन्न कमी लिहिलंय. चुकले असतील—

जुना तक्ता. तनुजाचा. तिथंही इंधनाखेरीज एकावन्न किलो कमी. तिचं वजन एकावन्न—

सरांना विचारलं. मान खाली. म्हणाले, ढगातलं ते हंगामाला एक माणूस घेतं, मग विमान सोडतं. आम्हालाही लेकरं आहेत, पोरी.

पोरी म्हणाले! केसानं गळा कापला माझा. डब्याचा किलोसुद्धा धरलाय—

पडदा सगळा हिरवा.

सर दाराची कडी काढताहेत. माझ्याकडे बघत नाहीत—

खिडकीशी ती, भामाबाईचाच चेहरा. तनुजा. हात पुढे केलाय. डबा घेतला तिनं. आता माझं मनगट ध—