बाटलीतली आत्या

४ फेब्रुवारी १९७८, इंझोरी

पंजाब आता माझा भाऊ झाला! — हे त्याच्या आईचं म्हणणं. कालपर्यंत होणारा नवरा होता. सुपारी फुटली, साड्या घेऊन झाल्या, आणि आज भागिरथाबाई दारात उभी राहून म्हणते, "लगन नाई होत आता. भाऊ-भैनीचं लगन कुठं होते काय?"

झालं असं. गेल्या महिन्यात बाबांना अकोल्याच्या दवाखान्यात शिरीयस खोलीत टाकलं होतं. रक्ताचा कॅन्सर, वरून छाती कफानं भरलेली. नाकात नळी. रक्त हवं होतं आणि बाबांचा गट असा नखरेल की ना आईचा जुळे ना माझा. जुळला पंजाबचा. त्यानं काही न विचारता बाही वर केली. बाटलीभर रक्त बाबांच्या अंगात गेलं, औषधंही लागू पडली, आणि बाबा चालत घरी आले.

आता भागिरथाबाईचा हिशेब असा — पंजाबचं रक्त देवमनच्या, माझ्या बाबांच्या, अंगात, म्हणजे दोघं एका रक्ताचे. मग देवमनची पोरगी पंजाबची कोण? बहीण!

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. चौथीतली पोरंही असं बोलत नाहीत. रागाच्या भरात दोन भाकरी करपवल्या.

५ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. ते इतके हसले की खोकला थांबेना. "मंग पंजाबले म्हना, गिरनीत अर्धा हिस्सा घे बापा!"

आई म्हणाली, "हसता काय? पोरीचं लगन मोडून राह्यलं!"

बाबांचं दुखणं उशिरा कळलं त्याचं कारणही ही गिरणीच. माणूस पांढरा पडत चालला होता आणि आम्हाला वाटायचं, पीठ आहे. गिरणीवाला कायमच पांढरा! आई रोज म्हणायची, तोंड धुवा.

९ फेब्रुवारी

विहारात बैठक झाली. मध्यभागी ग्यानबाकाका. बाबांचे चुलतभाऊ. त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं. मी उभी राहून म्हणाले, रक्तानं नातं लागत नाही, हे अडाणीपण आहे. ग्यानबाकाका म्हणाले, "मास्तरीनबाई, मंग आजवर आपन रक्ताचं नातं, रक्ताचं नातं म्हनून राह्यलो, ते काय बिना रक्ताचं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. पंजाबनं पण हलवली! बैलोबा!

ठरलं असं, की रक्त अंगात किती दिवस टिकतं ते डॉक्टरांना विचारायचं.

१४ फेब्रुवारी

बाबांना दाखवायला अकोल्याला. कारंज्याला गाडी बदलली. ग्यानबाकाका सोबत, खास प्रश्न विचारायला.

मोठ्या डॉक्टरांना प्रश्न समजायलाच वेळ लागला. समजल्यावर त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, सिस्टरला बोलावून पुन्हा सगळं सांगायला लावलं. मग म्हणाले, रक्तातल्या पेशी साधारण चार महिने जगतात, मग मरतात. ग्यानबाकाका खूश! "म्हंजे रक्त सरलं का नातं सरलं. जूनमंधी बार उडवून द्या!"

निघताना डॉक्टरांनी मला एकटीला थांबवलं. या आजाराचे लोक त्या शिरीयस खोलीत जातात ना, त्यातले फार थोडे बाहेर येतात, म्हणाले. तुझे वडील आले. पण परत कधी जावं लागेल, सांगता येत नाही. घरात कार्य असेल तर उरकून घ्या.

गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसले. ग्यानबाकाका मूर्तिजापूरपर्यंत पेशींवर बोलत होते. घरी कुणालाच काही सांगितलं नाही. जून फार लांब आहे.

२ मार्च

पंजाब आज शाळेवरून सायकलनं गेला. चार बायांसमोर म्हणाला, "काय बेबीताई, सुटली काय शाळा?" ताई! आईनं म्हणे तसं बोलायला लावलं आहे, सवय व्हावी म्हणून. मी हातातला डस्टर फेकून मारला. पाठीवर बसला, खडूचा पांढरा चौकोन उमटला. वळून हसला तोंड भरून.

आवडतो मला तो. इथं लिहायला काय हरकत आहे?

२० मार्च

बाबांच्या हिरड्यांतून रक्त येतं आहे. गिरणीचा पट्टा चढवताना खाली बसले ते उठलेच नाहीत. पंजाबनंच उचलून आणलं. भागिरथाबाई कुंपणाशी उभी राहून बघत होती.

२१ मार्च, अकोला

पुन्हा रक्त हवं. पंजाब बाही वर करून तयार. आणि बाबा म्हणतात — नको!

"आज घेतलं का पुन्ना चार महिने. मंग पोरीचं लगन कवा? मले पाह्यचं हाय ते."

मी दवाखान्यात ओरडले. बाबा, तुम्ही तरी शहाणे आहात ना? म्हणाले, "मी हावो शहाना. गाव हाय काय? तुले त्या घरात जन्मभर राह्यचं हाय. सासू रोज म्हनीन, भाऊ केला नवरा. नाई घेत मी बाटली." आणि भिंतीकडे तोंड केलं. शिरीयस खोलीचं दार समोरच. सिस्टर म्हणाली, रक्त नाही मिळालं तर उद्या-परवा आत घ्यावं लागेल.

इतकी रडले की नाकाचा भोपळा झाला. मग रडता रडताच एक गोष्ट डोक्यात आली. पंजाबचा गट त्याला मिळाला कुणाकडून? सिस्टरला विचारलं. आईकडून असू शकतो, म्हणाली. तपासून बघा.

उद्या पहिल्या गाडीनं इंझोरी.

२२ मार्च

भागिरथाबाई तूर पाखडत होती. मी म्हटलं, रक्त तुम्ही द्या.

"मी कायले देऊ?"

तुमचं रक्त बाबांच्या अंगात गेलं तर तुम्ही त्यांच्या कोण?

सूप थांबलं. "भैन."

आणि मी तुमची कोण?

"भावाची पोरगी." तिनं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. मी वाट बघत बसले. मग एकदम उठलीच! "म्हंजे देवमन पंजाबचा मामा झाला! अन् मामाच्या पोरीवर तं पंजाबचा हक्कच लागते वो!"

मी म्हटलं, लागतोच. (चौथीच्या मुलांनो, माफ करा.)

पण पंजाबचं आधीचं रक्त? — मी मुद्दाम विचारलं, पुढे कुणी काढू नये म्हणून. म्हणाली, "भाच्यानं मामाले रक्त देलं. द्यायलेच पाह्यजे. त्यात काय नवल हाय?"

मग सूप घेऊन खाली बसली आणि पाखडता पाखडता म्हणाली, "मले ना पाठचा भाऊ ना पुढचा." मला माहीत आहे ते. भाऊबीजेला गल्लीतल्या बाया भावांना ओवाळतात. ही चंद्राला ओवाळून घरात जाते.

२३ मार्च, अकोला

गट जुळला!! पण सुई बघितल्यावर बाई खाटेखाली. ग्यानबाकाका समजवायला वाकले, त्यांनी सुई बघितली, ते खुर्चीवर आडवे. सिस्टर आधी त्यांच्याच तोंडावर पाणी मारत बसली. शेवटी बाबाच खाटेवरून म्हणाले, "काहून भेतं वो भागिरथे? भावासाठी एवढंही करत नाई?"

ती निमूट खाटेवर आडवी झाली. डोळे घट्ट मिटून, माझा हात पिळून काढत. बाटली भरली तेव्हा सिस्टरला म्हणाली, "दुसऱ्या कोनाले नका देऊ बरं. नातं लागन."

बाबांच्या ओठांना संध्याकाळी रंग आला.

२ एप्रिल

बाबा घरी. विहारात ग्यानबाकाकांनी निकाल दिला — ही सोयरीक पहिल्यापेक्षा पक्की. स्वतःच शोध लावल्यासारखे बोलत होते. बोलू देत.

आणि भागिरथाबाई माहेरपणाला आली आहे! दोन गल्ल्या ओलांडून, पिशवीत लुगडं घेऊन. भावाच्या खाटेशी बसून आईला सांगते, "वयनी, वरनात मीठ कमी हाय." आई माझ्याकडे बघते. मी छताकडे. बाबा तिच्यासाठी चहात दोन चमचे साखर जास्त घालायला लावतात. दोघं तास तास काहीतरी बोलत असतात. काल बाबांनी तिला बांगड्या भरायला कासाराकडे पाठवलं.

१६ एप्रिल

लग्न झालं. बाबा पुढच्या खुर्चीत, धुतलेल्या धोतरात. पीठ नाही, तरी पांढरेच.

भागिरथाबाईंना आज नवरदेवाची आई म्हणूनही मान हवा आणि नवरीची आत्या म्हणूनही. दोन लुगडी घेतली. जेवताना वरमाई म्हणून रुसल्या, मग आत्या म्हणून स्वतःच म्हणाल्या, "जाऊ द्या, पोरीच्या घरचं कार्य हाय," आणि जेवायला बसल्या. पंजाब बाबांच्या पाया पडला. "मामा" म्हणाला. बाबांनी त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

मी सासूला आत्याबाईच म्हणणार होते, सगळ्या सुना म्हणतात तसं. आज म्हटलं तर त्या चिडल्या. "आत्या म्हन. सासूले म्हनते तसं नको म्हनू."

९ जून

बाबा गेले. त्याच खोलीत. दोन्ही बाटल्या देऊन झाल्या होत्या, आत्यांची आणि त्यांच्या लेकाची.

मला रडू आलं नाही. आईला धरून नुसती बसले होते. आत्या अंगणात आल्या आणि मातीतच बसल्या. "माहं माहेर बुडालं वो माय! आता मी कोनाच्या घरी जाऊ?" कुणीतरी कुजबुजलं, ही तर व्याहीण, इतकं काय? ग्यानबाकाका त्याच्यावर ओरडले, "भैन हाय ते त्याची!"

मी उठून आत्याजवळ गेले. मग रडले.