मी, तू, ती आणि विहीणबाई

४ फेब्रुवारी

चि. कप्तानास,

अ. आ.

पत्रास कारण की, तुझ्या फुशारकीचा उपयोग करून घ्यायची वेळ आली आहे. फोनवर तू अडचणीचं काही निघालं की 'ऐकू येत नाही' म्हणून ठेवून देतोस, म्हणून लेखी कळवते.

लेक जुलैत पंधरा दिवसांसाठी येते आहे. बरोबर जावई आणि विहीणबाई. लग्न त्यांनी तिकडेच कोर्टात उरकलं, त्यामुळे विहीणबाईंना मी आजवर फोटोतच पाहिलं आहे. त्यांना स्पॅनिशखेरीज काही येत नाही. लेक म्हणते, आई, तू नुसती हसत राहा, बोलायचं मी बघते. म्हणजे माझ्याच घरात मी भिंतीवरच्या तसबिरीसारखी हसत बसू?

खरी गोष्ट वेगळीच आहे, ती तुलाच सांगते. दर रविवारी ती फोनवर म्हणते, मी मजेत आहे. दीड वर्षात एकदाही 'मजेत'च्या पुढे गेली नाही. मला तिचं खरं काय ते कळायला हवं. विहीणबाई त्याच घरात राहतात, त्यांना ठाऊक असणार. पण लेकच दुभाषी असली तर प्रश्न माझा आणि उत्तर तिचं, असं होईल. म्हणून मला स्वतःला विचारायचं आहे.

तू दोन वर्षं बोटीवर होतास आणि तीस वर्षं आम्हाला ऐकवतो आहेस की स्पॅनिश तुझ्या जिभेवर लोळते. पुष्कळ लोळली. आता तिला उठव आणि माझ्याकडे धाड.

लोभ आहे, पण तो धडे वेळेवर आले तरच टिकेल.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. भाषा येत असली तरी ती शिकवायची म्हणजे आधी नीट मांडावी लागते. हसू नकोस.

तुझं ऑल्टरेशनचं दुकान आहे, तेव्हा तुझ्याच भाषेत सांगतो. क्रियापद म्हणजे लांब झालेली पँट. 'आब्लार' म्हणजे बोलणे. शेवटचा 'आर' कापून टाक, उरलं 'आब्ल'. आता ज्याची पँट त्याच्या मापाची पट्टी खाली जोडायची. मी असेन तर 'ओ', तू असशील तर 'आस', तो किंवा ती असेल तर 'आ', ते असतील तर 'आन'. आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लान. झाली भाषा! 'त्राबाखार' म्हणजे काम करणे, त्यालाही हीच कात्री लाव. नुसतं ऐकून येणार नाही, करून बघ.

'आम्ही' हे रूप ते लोक फारसं वापरत नाहीत. स्वभावाने एकेकटे असतात.

लोभ असावा, शंका कमी असाव्यात.

तुझा,
कप्तान

११ मार्च

चि. कप्तानास,

अ. आ.

पँटची युक्ती फर्मास आहे. मी चिठ्ठ्यांवर क्रियापदांच्या शेपट्या लिहून दुकानातल्या कपड्यांना टाचल्या. मधल्या दांडीवर 'मी'चे, खिडकीशी 'तू'चे, दाराशी 'ते'चे. येता-जाता हँगर सरकवत पुटपुटते. समोरचे वकील परवा कोट घेऊन गेले आणि तासाभराने परत येऊन विचारू लागले, की खिशावर 'आन' लिहिलंय ते काय आणायचंय? मी म्हटलं, अक्कल. भले गृहस्थ, हसून गेले.

पण 'आम्ही'चं मला पटत नाही. 'आम्ही' न म्हणता ते लोक संसार कसा करतात? पुन्हा विचारून बघ. कोणाला, ते तू जाण.

आणखी एक. मला 'रडणे' लागेल. त्याच्याइतका उपयोगी शब्द दुसरा नाही. ते सरळ चालीचं आहे, की काही वाकडी असतात म्हणे, त्यांच्यातलं?

विहीणबाई येतील तेव्हा तू पंधरा दिवस इथेच राहायचंस. मी अडखळले तर सावरायला. लेकीला कळवून टाकलं आहे. मामा स्पॅनिशमध्ये पट्टीचा आहे हे जावयालाही सांगून झालं.

लोभ दुप्पट.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

चौकशीअंती असं कळलं, की 'आम्ही' वापरतात. चांगले भरपूर वापरतात. शेपूट 'आमोस'. माझ्या वेळी बोटीवर वेगळी पद्धत असावी.

'एर'ने संपणारी वेगळी. 'कोमेर', खाणे : कोमो, कोमेस, कोमे, कोमेन. 'इर'वाली जवळजवळ तश्शीच, फक्त 'आम्ही'पाशी दोघी सवतीसारख्या तोंडं फिरवतात. एकीला 'एमोस', दुसरीला 'इमोस'. 'विविर' म्हणजे राहणे. 'रडणे' म्हणजे 'योरार'. अगदी सरळ चालीचं आहे. योरो, योरास, योरा. रडण्यात कुठे काही वाकडं असतं?

येण्याचं म्हणशील, तर जुलैत माझी कंबर धरण्याचा संभव आहे. शिवाय दाढ.

माया पातळ करू नकोस.

कप्तान

१४ एप्रिल

चि. कप्तानास,

आशीर्वाद नंतर.

कोणती दाढ? तुझ्या तोंडात कवळी आहे. बसवायला मीच सोबत आले होते. जुलैत कंबर धरणार हे एप्रिलात कळणारा तू पहिलाच. खरं काय ते लिही.

ताई

३ मे

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. या वेळी खरोखरचा, जमिनीला नाक लावून.

मला स्पॅनिश येत नाही. कधीच येत नव्हती. बोटीवर मी दोन वर्षं कांदे आणि बटाटे सोलले. मुख्य आचारी स्पॅनिश बोलायचा, पण माझ्याशी त्याचा संबंध शिव्यांपुरता. मला शिकवली असेल तर त्याने एक शिवी, आणि तीही अर्थासकट नाही.

फेब्रुवारीत तुझं पत्र आलं तसा मी गल्लीच्या टोकाच्या शिकवणीत नाव घातलं. मंगळवार, शुक्रवार. वर्गात दोन नर्स, एक वेटर आणि मी. बाई मला 'काका, पुन्हा म्हणा' म्हणतात. मंगळवारी शिकलेलं बुधवारी तुला पोस्ट करत होतो. 'आम्ही' शिकवलं त्या दिवशी मी तापाने घरी होतो, म्हणून त्या बिचाऱ्या लोकांना एकेकटं ठरवलं.

ताई, आईबाबांचं दुखणंखुपणं तू काढलंस, दुकान तू उभं केलंस, माझंही लग्न तूच जमवलंस. घरात माझ्या नावावर सांगण्यासारखी ही एकच गोष्ट होती. ती खोटी होती तरी सोडवेना. मला लाज वाटते.

लोभाचं काय ते तूच ठरव.

कप्तान

१० मे

कप्तान,

तीस वर्षं! तुझ्या लग्नातल्या पाहुण्यांपासून ते त्या वकिलापर्यंत सगळ्यांना मी छाती फुगवून सांगितलं. पत्र वाचून कात्री आपटली, तिचं टोक मोडलं. इतका राग मला कोणाचाच आला नव्हता.

तरी 'कोमेर' मला आलं ते कोणामुळे, हेही खरं. साठीत वर्गात बसून 'काका, पुन्हा म्हणा' ऐकलंस ते माझ्यासाठी. तेव्हा निमूट ये. दोघं मिळून एक माणूस तरी होऊ. शिकवणी चुकवू नकोस, आणि ती शिवी विसर.

ताई

५ ऑगस्ट

चि. कप्तानास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू इथे असताना एक गोष्ट बोलले नाही, कारण तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आता सगळे आपापल्या घरी पोचले, तर लिहिते.

पहिल्या संध्याकाळी विहीणबाईंनी तुझी चौकशी केली आणि घाबरून तुझ्या तोंडून आचाऱ्याची शिवी निघाली, तेव्हा वाटलं की संपलं. लेक पांढरीफटक, जावयाच्या नाकात चहा. पण विहीणबाई पोट धरधरून हसल्या. त्या दिवसापासून बाईंना आपण सोयरे वाटू लागलो, हे तुझ्या पदरात घालते. मीही मग धीर करून तुझी ओळख करून दिली : हा माझा भाऊ, काम करतो, खातो, पितो, बोलत नाही.

दुसऱ्या गुरुवारी मी तुम्हा तिघांना दोऱ्यासाठी बाजारात पिटाळलं. शिलाईचा दोरा संपला नव्हता. विहीणबाई दुकानात माझ्याशेजारी बसून, कोणी न सांगता, एका जुन्या कोटाची उसवण करत होत्या. हात चांगला आहे. मी मशीन थांबवलं, लेकीच्या फोटोकडे बोट केलं आणि विचारलं, योरा?

बाईंनी कोट खाली ठेवला. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, योरा.

कधी, हे मला विचारता येत नव्हतं, पण त्यांना कळलं. उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या आणि रविवारच्या रकान्यावरून वरून खाली बोट ओढलं. मग कानाशी मूठ धरली आणि फोन ठेवल्यासारखी खाली ठेवली. माझ्याशी बोलून झालं की रडते, कप्तान. दर रविवारी.

मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, कांतो. मी गाते. ती रडायला लागली की या तिच्या दाराबाहेर बसून गातात, हे दाराकडे बोट करून, खाली बसून दाखवलं. म्हटलं, गाऊन दाखवा. काय सांगू, इतका भसाडा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. समोरचे वकील खिडकीत आले. मी बाईंचा हात धरला.

लेकीला मी यातलं काही बोलले नाही. तिला काय विचारायचं, याचाच विचार करत होते. काल रविवार. नेहमीच्या वेळी फोन आला. म्हणाली, आई, मी मजेत आहे, तू कशी आहेस? आणि माझ्या ओठांवर 'मजेत' आलं. तेव्हा लख्ख कळलं, की दोन वर्षं मीही तिला तेच सांगत होते. आपल्या घरात खोटारडा तू एकटा नाहीस.

मी म्हटलं, मी मुळीच मजेत नाही. तू गेल्यापासून घर खायला उठतं. संध्याकाळी दुकान बंद करायला नको वाटतं.

 तशी ती पलीकडे रडायला लागली. फोन न ठेवता पाऊण तास रडली, मीही रडले. मागून विहीणबाईंचं गाणं काही ऐकू आलं नाही. बहुधा काल गरज पडली नसावी.

लोभ आहे, आणि तो खरा आहे.

तुझी,
ताई