ऐन तोडणीत येऊ नकोस

भांडगाव, ता. दौंड
१२ मार्च १९७७

ऐन तोडणीत द्राक्षाचा मळा टाकून निघणारा माणूस आपल्या घरात आजवर जन्मला नव्हता. तो तू निघालास. अठ्ठावीस तारखेचं तिकीट काढलंस म्हणं. परत कर ते.

चिरंजीव मच्छिंद्रास आजीचा आशीर्वाद. मी मरायला टेकलेली न्हाई. काल एस्टीनं तळेगाव ढमढेऱ्याला जाऊन आले, ती बी उभ्यानं.

जहाजावरचा तुझा दोस्त बन्सी परवा आला. तुझं पत्र आन् तुमच्या मळ्यातल्या द्राक्षाच्या दारूची बाटली पोचवली. परमिट न्हाई म्हणून पोलिसाला भिऊन घोंगडीत गुंडाळून आणलेली. तुझा बाप म्हणाला, "आई, उकिरड्यावर फोड ती." मी म्हणलं, "हौसराव, नातवानं मला धाडलीय. तू कोण फोडणार?"

बूच निघंना. खुरप्याच्या मुठीनं आत ढकललं. पितळेत आंबट कळकतं म्हणून चहाच्या बशीत ओतलं. रंग पातळ, बशीचा तळ दिसतो. तुझा बाप म्हणाला, "पाणी घातलंय." मी वास घेतला. करवंदाचा, आन् मागनं भिजल्या दगडाचा. पहिला घोट थुंकला. दुसरा न्हाई थुंकला.

चाळीस वर्षं गुऱ्हाळावर काकवी चाखली मी. चोपण, खारवट रानातल्या उसाचा गूळ खारट लागतो. लपवाया लोक काय काय टाकत्यात, पण माझी जीभ धरतीच. तुझ्या बाटलीत शेवटाला तसंच खारं लागलं. समुद्राचं वारं असंल. तू लिहितोस, तिकडं ऑस्ट्रेलियाच्या टोकाला गार वाऱ्यात द्राक्ष महिनाभर उशिरा पिकतं, व्यापारी नाक मुरडत्यात, पातळ हाय, आंबट हाय, साखर घाला म्हणत्यात, आन् मळेवाली रूथबाई घालत न्हाई. बरं करती. त्या फळाला उन्हानं घाई केलेली न्हाई, येवढंच. आपल्याकडं ऊन भाजून भाजून सगळं गोड करतं. गोड व्हायला अक्कल लागत न्हाई.

आवडलं का म्हणशील, तर न्हाई आवडलं. पण दुसऱ्या दिवशी आठवलं. तुझ्या आज्याचं बी तसंच होतं.

तू त्या रूथबाईला पत्रात मालकीण लिहितोस. मालकिणीच्या हाताचं कौतुक कोणी दोन पानं लिहितं का रं? आन् बाटलीच्या कागदावर वेडंवाकडं "आजी" लिहिलंय, ते तुझं अक्षर न्हाई. कोणी शिकवलं तिला?

आता तारेचं. "आजी अत्यवस्थ, निघ" ही तार तुझ्या बापानं दौंडला जाऊन केली. त्याच्यावर चिडू नको. सांगितली मी. पोरगा गोऱ्या बाईच्या मळ्यात मुरायच्या आत वढून आणा म्हणलं. तुझ्या लग्नासाठी तळेगावची पोर बी मीच हेरली. तुझ्या आईला, सोजराबाईला, माझ्या छातीला बाम चोळायला लावला आन् नऊ दिवस पांघरूण घेऊन कण्हत निजले. बघायला येणाऱ्या बायका डोळं पुसायच्या. मी आतनं हसायची. मग तुझी उलट तार आली, "सगळं सोडून येतो, तिकीट अठ्ठावीसचं." तवा जिंकले वाटलं.

आन् परवा ती बाटली आली. एक बाई गिऱ्हाईक गेलं तरी आंबटाला आंबट ठेवती, आन् गावभर जीभ मिरवणारी मी नातवाला खोट्या तारेनं बोलावती! पांघरूण फेकलं आन् उठले. सोजराबाई भ्यालीच. "आत्याबाई, लोक काय म्हणत्याल?" म्हणलं, "म्हणत्याल, म्हातारी दारू पिऊन बरी झाली." व्हय, पिली. दोन बश्या. गावाला बी तसंच सांगितलं.

काल तळेगावला त्याच्यासाठीच गेले होते. पोरीच्या बापाला तोंडावर सांगितलं, आमचा पोरगा येत न्हाई, तुमची पोर दुसरीकडं बघा, चूक माझी. त्यानं चहा बी इचारला न्हाई. बरोबर हाय त्याचं. हौसराव चार दिस जेवताना बोलणार न्हाई. न्हाई तर न्हाई.

मळ्याची तोडणी पुरी होऊ दे. फळ दारात पिकलेलं टाकून आलास तर मी खरंच अंथरूण धरीन. मग यायचं तर दोघं या, न्हाईतर येऊच नका. माफी मागायची मला सवय न्हाई, मागत बी न्हाई.

अजून जिती,
तुझी आजी चांगुणा

उत्तर तू लिहायचं न्हाई. ज्या हातानं "आजी" लिहिलंय, त्याच हातानं यावं. अक्षर वाकडं चालंल, माझं कुठं सरळ हाय. तू नुसतं पोस्टात टाक.