सहा इंचांची जागा

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
मे २००८

प्रिय आई,

तुमचं पत्र आलंय! आणि मी ते फोडलं. माफ करा, पण मेलबॉक्सपासून घरापर्यंत चालत जायचाही धीर निघेना. लिफाफ्यावर स्वच्छ छापलंय, 'श्रीमती शालिनी वैरागडे'. तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली, आणि रिव्हॉल्व्हरच्या कंपनीने आज तुम्हाला उत्तर पाठवलंय.

आई, नळी सहा इंचांचीच होती! कारखान्यातूनच तशी निघाली होती. कोणी कापली नव्हती, घासली नव्हती, काही नाही!

मी तिथे फुटपाथवर चक्क उड्या मारल्या. तेवढ्यात शाळेची बस आली आणि रिया उतरली. बसमधली सगळी मुलं काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होती. रिया लालेलाल. "मॉम, स्टॉप! एव्हरीवन इज लुकिंग!"

मी म्हटलं, "आजी जिंकली!"

"जिंकली व्हॉट?"

तिला काय आठवणार? पाच वर्षांपूर्वी तुम्ही आलात तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची. मग कुकीज खाताखाता तिला सगळं सांगितलं. जवळजवळ सगळं. जे गाळलं, ते आधी तुम्हाला सांगायला हवं, म्हणून लगेच लिहायला बसलेय.

आठवतंय, पहिल्याच आठवड्यात आपण दोघी संध्याकाळी फिरायला निघालो होतो? तुमच्या अंगावर सुती साडी, वर नितीनचं जॅकेट, पायात माझे बूट. कोपऱ्यावरच्या घराचं गॅरेज उघडं होतं आणि आत एक उंच म्हातारा टेबलावर जुनं रिव्हॉल्व्हर खोलून बसला होता. मी तुमचा हात धरून ओढतेय, आणि तुम्ही जागच्या हलत नाही!

"थांब गं. स्प्रिंग उलटी लावून राहिला तो."

बाबांनी उभी हयात नागपूरला पोलिसांची हत्यारं दुरुस्त करण्यात घालवली, हे मला माहीत होतं. पण तुम्ही त्यांच्याजवळ बसून सगळं बघितलंय, हातातही घेतलंय, हे कुठे ठाऊक होतं? तुम्ही सरळ आत गेलात, त्या माणसाच्या हातातून स्प्रिंग काढून घेतलीत आणि फिरवून बसवलीत. तो आधी तुमच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि मग खो खो हसायला लागला. ते वॉल्टर. टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेले, एकटे. दुसऱ्या दिवसापासून तुमचे वाल्टरभाऊ!

रोज चार वाजता त्यांच्याकडे चहा. चहा तुमचा, थर्मासात घालून नेलेला, कारण "ते कोमट पाणी मी नाही पीत बाप्पा." आणि मी मध्ये बसलेली, तुमची दुभाषी. नितीनच्या व्हिसावर आलेली बायको, नोकरी करायला बंदी, शिक्षण सगळं वाया. दिवसभरात तेवढं एकच काम मला असायचं. खरं सांगू? कुरकुर करायचे, पण मजा यायची मला.

त्यांचं ते काचेचं कपाट! हिरव्या मखमलीत प्रत्येक रिव्हॉल्व्हरच्या आकाराचा खाचा कापलेला. अकरा रिव्हॉल्व्हर, सगळी एकाच प्रकारची, शंभर वर्षांपूर्वीची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, हे काय, अकराच्या अकरा सारखीच! तुम्ही मला असं काही बघितलंत, जणू मी बनारसी आणि पैठणी एकच म्हटलं होतं.

"सारख्या कुठे आहेत? नळ्या पाहा ना."

मग वॉल्टरनी समजावलं आणि मी तुम्हाला सांगितलं. तीन लांबीच्या नळ्या नेहमीच्या, त्या कोणाकडेही असतात. खरी गंमत अधल्यामधल्या लांबीची. शंभर वर्षांपूर्वी कोणा हौशी माणसाने कंपनीला खास कळवून आपल्या मापाची मागवलेली. तशी मिळता मिळत नाहीत, आणि मिळाली तर निम्मी खोटी निघतात, कारण लबाड लोक लांब नळी कापून आखूड करतात आणि दुर्मिळ म्हणून खपवतात. कपाटात एक खाचा रिकामा होता. सहा इंचांचा. वीस वर्षं ते तेवढ्या एकासाठी गावोगाव फिरत होते.

आणि ते तुम्हाला सापडलं! राले शहरातल्या बंदुकांच्या प्रदर्शनात, हजारभर टेबलांच्या गर्दीत, एका खोक्यात, 'कापलेली नळी' अशी चिठ्ठी लावून टाकलेलं. तुम्ही पर्समधून बाबांची स्टीलची पट्टी काढलीत. ती नळीला लावलीत. पट्टी सहा इंची, आणि जिथे पट्टी संपली तिथेच नळी संपली. तुमचा चेहरा काय फुलला होता, आई! आजूबाजूला टोप्या घातलेले, दाढीवाले धिप्पाड पुरुष, आणि मध्ये पावणेपाच फुटांच्या तुम्ही, नाकावर चष्मा, हातात पट्टी.

वॉल्टर मान हलवत होते. माशी बघा म्हणाले, नळीच्या टोकावरची, नेम धरायची. डाग दिल्यासारखी दिसतेय, म्हणजे नळी कापून नंतर बसवलेली.

"माशी पडली असंल कधी, म्हणून बसवली पुन्हा. त्याला म्हणावं, अक्षरं पाहा." नळीवर कंपनीचं नाव कोरलेलं होतं. तुम्ही त्याच्या अलीकडची जागा मोजलीत, पलीकडची मोजलीत. दोन्ही सारख्या! "कापली असती तर नाव एका टोकाला सरकलं असतं की नाही?"

मला तर ते एकदम पटलं. वॉल्टरना नाही. तरी त्यांनी ते घेतलं, तुमच्या हट्टापायी, आणि गॅरेजमध्ये पान्यांच्या खणात टाकलं. कपाटात नाही. तिथून पैज लागली. कंपनीला रिव्हॉल्व्हरवरचा नंबर कळवला की ते आपल्या जुन्या वह्या काढून बघतात आणि लिहून कळवतात, ही वस्तू कशी बनवली, कुठे पाठवली. संग्रह करणाऱ्यांत त्या पत्रापुढे कोणाचं काही चालत नाही. पत्र तुमच्या बाजूने आलं, तर रिव्हॉल्व्हर कपाटात, सहा इंचांच्या खाच्यात. नाही, तर बाबांची पट्टी वॉल्टरची.

"वाल्टरभाऊ, खाचा पुसून ठेवा," तुम्ही म्हणालात. मी भाषांतर केलं आणि त्यांनी खरंच फडका मारला!

अर्ज तुम्ही स्वतः भरलात. एकेक इंग्रजी अक्षर कोरून, जीभ जराशी बाहेर काढून. आणि माझ्या हातात दिलात. "उद्या टाकून दे गं पोस्टात."

आई, मी तो टाकला नाही.

लिहून टाकलं एकदाचं. आता कारण ऐका, आणि हसू नका. आमचं ग्रीन कार्ड अडकलेलं होतं. ते दिवसच तसे होते. विमानतळावर नाव विचारलं तरी घाम फुटायचा. प्रत्येक पार्टीत एकच विषय, कोणाची फाइल का थांबली, कोणाला काय विचारलं. आणि बंदुकीच्या कंपनीला आमच्या पत्त्यावरून अर्ज? मला वाटलं, हा कागद कुठेतरी नोंदला जाईल, कोणीतरी विचारेल, आणि आमचं सगळं बारगळेल. वॉल्टरनी कितीदा सांगितलं होतं की इतकी जुनी वस्तू कायद्याने हत्यारातच धरत नाहीत. पण भीती कुठे कायदा वाचून येते! मी अर्ज इमिग्रेशनच्या जाड फाइलमध्ये सरकवला आणि तुम्हाला सांगितलं, टाकला.

नितीनलाही हेच सांगितलं.

मग तुमचं ते रोजचं मेलबॉक्सपर्यंत जाणं. थंडी असो, पाऊस असो. पोस्टाची गाडी वळणावर दिसली की तुम्ही बूट घालायला लागायचात. परत यायचात ती पिझ्झाची कुपनं घेऊन, आणि ती जपून ठेवायचात. "आज नाही आलं. कंपनी मोठी आहे, वह्या शोधून राहिले असतील." आणि मी पोळ्या लाटता लाटता म्हणायचे, "हो आई, वेळ लागतो इकडे."

कितीदा तोंडाशी आलं होतं. तुम्ही रागावला असतात, दोन दिवस अबोला धरला असतात, आणि मग वॉल्टरकडून नवा अर्ज आणला असतात. एवढंच झालं असतं ना? मग का नाही बोलले मी?

तुमचे सहा महिने संपले. निघायच्या आदल्या दिवशी चार वाजता आपण शेवटचं गेलो. चहा झाला. तुम्ही पर्स उघडलीत, पट्टी काढलीत, पदराने पुसलीत आणि टेबलावर ठेवलीत.

"त्यांना सांग, तुम्ही म्हणता तेच खरं असंल. कापलेलीच असंल. मी हरली."

नितीन नेहमी म्हणायचा, आईने जन्मात कधी हार कबूल केली नाही, बाबांपुढेसुद्धा नाही. आणि ते वाक्य इंग्रजीत मी म्हटलं. माझ्या तोंडाने! आवाजसुद्धा कापला नाही माझा. वॉल्टर पट्टी घेईनात, तुम्ही परत घेईनात. शेवटी त्यांनी कपाट उघडलं आणि ती त्या रिकाम्या खाच्यात ठेवली. नळीच्या जागी बरोब्बर बसली.

अजून तिथेच आहे. नाताळात केक द्यायला जाते ना, तेव्हा दिसते. दाराशीच उभी राहते मी, आत जात नाही. तुम्ही होतात तोवर ते प्रत्येक वेळी विचारायचे, "हाउ इज युअर मदर-इन-लॉ?" तुम्ही गेलात हे मी त्यांना सांगायला गेले, तेव्हा त्यांनी कपाटाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, नळीबाबत चुकली ती, पण डोळा असा कोणाचा पाहिला नाही. आणि तेव्हाही मी गप्पच!

तुम्हीही कशा हो? पोस्टाची पावती मागायची ना माझ्याकडे! नागपूरच्या भाजीवाल्याला चार काकड्या परत मोजायला लावणाऱ्या तुम्ही, सुनेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवलात.

यंदा मार्चमध्ये ग्रीन कार्ड आलं. फाइल आवरायला घेतली, आणि जुन्या फॉर्मच्या मधून तुमचा अर्ज निघाला. तुमची ती कोरलेली अक्षरं! मी जमिनीवर बसून रडले, आणि उठून, डोळे न पुसता, गाडी काढून पोस्टात गेले. नाव बदललं नाही, तारीखही नाही. तुमचा होता तसाच टाकला. या वेळी पावती घेतली.

आणि आज उत्तर! ऐका, वाचून दाखवते. नंबर बरोबर. नळी सहा इंच, ग्राहकाच्या खास मागणीवरून. रंग निळा. टेक्सासमधल्या एका लोखंडी सामानाच्या दुकानाला रवाना. त्या पाठवणीत तशी एकच. एकच, आई! खाली सही, शिक्का, सगळं.

नितीनला ऑफिसात फोन केला. "यार, मीटिंगमध्ये आहे, क्विकली सांग." मी म्हटलं, आईंचं पत्र आलं. मग मीटिंगमधून बाहेर आला, आणि मी त्याला सगळं सांगितलं. न टाकलेल्या अर्जासकट. त्याने विचारलं, "नळी खरंच सहा इंच?" म्हटलं, हो. म्हणाला, "मग आधी वॉल्टरना सांग." चिडलाय. चिडू दे, हक्क आहे त्याचा. पण आवाज हसरा होता, शपथ.

तर आई, आता माझा शब्द. उद्या चार वाजता मी जाणार आहे. थर्मास भरून, तुमचा आल्याचा चहा, रियाला घेऊन. या वेळी दारातून परतणार नाही, आत जाऊन तुमच्या खुर्चीत बसणार. आधी तुमच्या शब्दांत सांगेन, "वाल्टरभाऊ, आई जिंकली." मग इंग्रजीत. ते विचारतील, पत्राला पाच वर्षं कशी लागली? तेही सांगेन, एक शब्द न गाळता. मग पान्यांच्या खणातलं रिव्हॉल्व्हर कपाटात जाईल, आणि बाबांची पट्टी मी घरी घेऊन येईन.

तुमचं पत्र वेळेवर न टाकणारी,
तुमची सून,
मुग्धा